चालू दे, मी थांबते

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं समजावं. मी वाद घालणार नाही. पण यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट एकतर माझ्या वहिनीने मला स्वतः सांगितली आहे, नाहीतर माझ्या आईने डोळ्यांनी पाहिली आहे. आणि त्या दोघी सासू-सुनांचं एखाद्या गोष्टीवर एकमत व्हावं, हे आमच्या घरात भूत दिसण्यापेक्षाही दुर्मीळ आहे.

ही गोष्ट रात्रीची नाही.

वीज गेलेली नव्हती. वारा सुटलेला नव्हता. कुत्री रडत नव्हती.

मंगळवार. दुपारचे अडीच. कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावरची कॉम्प्युटर लॅब. सगळे दिवे चालू, खोलीत तीस मुलं.

आणि तरीही...

पण आधी वहिनीबद्दल सांगते.

वहिनी इंजिनिअरिंगच्या मुलांना ऑपरेटिंग सिस्टिम शिकवते. सकाळी थिअरी, दुपारी प्रॅक्टिकल. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून तिने एकदा मला माझ्या भाषेत समजावलं होतं. "कॉम्प्युटरचं घर चालवणारी बाई समज. कुणाला आधी वाढायचं, कुणाला थांबवायचं, कोण जन्माला आलं, कोण संपलं, कुणाचं कुणाशी वाजलंय... सगळं तीच बघते. आणि दिसत कुणालाच नाही."

सहा वर्षं ती हा कोर्स शिकवत होती. चारशे पानांच्या नोट्स, सगळ्या हाताने लिहिलेल्या, एका हिरव्या फाइलमध्ये. दादा चिडवायचा, "माझ्याआधी हिचं त्या फाइलशी लग्न झालंय."

मग गोटी झाली. माझी भाची. जन्मली तेव्हाच अशी गोलमटोल की नर्सच म्हणाली, "गोटी आहे नुसती!" तेच नाव पडलं.

वहिनी सात महिने रजेवर गेली. तिच्या जागी कॉलेजने एक बदली शिक्षिका घेतली.

वहिनीने त्या बाईंना कधी पाहिलं नाही. हिरवी फाइलसुद्धा शिपायाच्या हाती पाठवली. पण बाईंचे मेसेज आले. तीन.

पहिला अभिनंदनाचा. दुसरा, "तुमच्या नोट्स फार सुंदर आहेत." तिसरा, "एकदा बाळाला बघायला येऊ का?"

पहिल्या दोनांना वहिनीने उत्तरच दिलं नाही. तिसऱ्याला दिलं.

"सध्या नको."

आणि तो नंबर तिने म्यूट करून टाकला. का, ते तिलाही नीट सांगता येत नाही. आपल्या खुर्चीत बसलेल्या बाईला वर आपलं मूलही दाखवायचं... एवढं मोठं मन तिच्याकडे त्या दिवसांत नव्हतं.

सात महिन्यांनी ती परत रुजू झाली. विभागप्रमुख सर म्हणाले, "बरं झालं आलात. त्या बाईंचं काम अर्ध्यातच राहिलं. शेवटचे काही महिने मीच कसेबसे रेटले."

वहिनीला वाटलं, चांगली नोकरी मिळाली असेल, गेली असेल सोडून. मनात कुठेतरी बरंच वाटलं.

ते बरं वाटणं पहिल्या तासापुरतंच टिकलं.

ती फळ्यावर काही लिहायची, की मागून कुजबुज. "बाईंनी हे वेगळं सांगितलं होतं." उत्तर चुकलं की, "बाई असत्या तर पुन्हा करून दाखवलं असतं."

वहिनीला मुलं 'मॅडम' म्हणायची. सहा वर्षं तेच ऐकत आली होती, कधी खटकलं नव्हतं. त्यांना मात्र 'बाई'. जशी घरातल्या माणसाला हाक मारावी तशी.

हिरवी फाइल उघडली, तर पानापानावर समासात निळ्या पेन्सिलीने बारीक अक्षर. 'इथे मुलं अडतात.' 'इथे थोडं थांबा.' 'इथे पाळण्याचं उदाहरण द्या, लगेच कळतं.'

वहिनीने एक दिवस हट्टाने पाळण्याचं उदाहरण दिलं नाही. मुलं अडली. दुसऱ्या दिवशी दिलं.

लगेच कळलं.

त्या संध्याकाळी ती खोडरबर घेऊन बसली होती, दादाने पाहिलं. चार पानं खोडली आणि मग तिची तिलाच लाज वाटली.

घरी तरी काय होतं? गोटी दिवसभर माझ्या आईकडे. संध्याकाळी वहिनीने हात पुढे केले की गोटी आजीच्या खांद्यात तोंड खुपसायची. आई हसून म्हणायची, "अगं, दिवसभर माझंच थोबाड बघते ना ती. तू पाहुणी!"

आई गमतीने म्हणायची.

वहिनी गमतीने हसायची.

आणि बाथरूममध्ये नळ सोडून पाच मिनिटं उभी राहायची.

तर, या सगळ्यावर तिने तिच्या धंद्यातला तोडगा काढला. एक जुना फोन पाळण्याजवळ बांधून टाकला. त्यातला आवाज थेट कॉलेजच्या लॅबमधल्या सर्व्हरवर जाईल, आणि प्रॅक्टिकल चालू असताना एका कानात तिला गोटी ऐकू येईल, अशी सोय. बाजारातलं बाळ ऐकायचं यंत्र तिला नको होतं. "परक्यांच्या मशीनवर माझ्या पोरीचा आवाज कशाला?" म्हणाली.

त्यासाठी सर्व्हरवर एक नवं अकाउंट काढायचं होतं. तो मंगळवार ह्याच कामाचा.

सर्व्हर लॅबच्या कोपऱ्यात, काचेच्या कपाटात. त्याच्या बाजूला एक खुर्ची. लाकडी, डाव्या हाताला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. वहिनी रजेवर जाण्याआधी ती तिथे नव्हती.

वहिनी तिच्यावर बसली.

तीस कीबोर्ड एकदम थांबले.

"काय झालं?"

पहिल्या रांगेतली एक चष्मेवाली मुलगी उठून उभी राहिली. "मॅडम... तुम्हाला दुसरी आणून देऊ?"

"का? हिला काय झालंय?"

"काही नाही. ती... बाईंची आहे."

"कॉलेजची आहे," वहिनी म्हणाली. आणि मुद्दाम मागे रेलून बसली.

मुलांनी नजरा स्क्रीनवर वळवल्या. लॅबचे सहायक होते, सगळे त्यांना वायरकाका म्हणायचे, कारण खिशातून कायम एखादी वायर लोंबत असायची. तेही दारात नुसते उभे. खरंतर वायरकाका गप्प राहणं, हेच त्या दिवशीचं पहिलं लक्षण होतं.

वहिनीने सर्व्हरवरची यादी उघडली. कुठलं काम कुणाच्या नावाने चालू आहे, ते त्यात दिसतं. आणि त्यात एक ओळ होती...

बदली बाईंच्या नावाने. एक प्रोग्राम. अजून चालू.

त्याचं नाव होतं 'आया'.

"हे काय आहे?"

चष्मेवालीच बोलली. "बाईंनी लिहिलाय. अनाथांना सांभाळतो."

इथे मला थोडं समजावून सांगावं लागेल, मलाही वहिनीने समजावलं होतं. कॉम्प्युटरमध्ये चालू असलेलं एक काम दुसऱ्या कामाला जन्म देतं. पहिली आई, दुसरं मूल. मूल संपलं की आईने त्याची दखल घ्यायची असते. नाही घेतली, तर ते मूल संपूनही यादीत नुसतं नाव होऊन पडून राहतं. धंद्यात त्याला झोंबी म्हणतात. आणि आईच आधी संपली, तर मूल अनाथ.

शिकाऊ मुलं चुका करणारच. रोज लॅबमध्ये अशी अनाथ कामं सुटायची. बाईंचा प्रोग्राम एका कोपऱ्यात झोपून असायचा. कुणी अनाथ झालं की जागा व्हायचा, त्याला आपलं म्हणायचा, त्याचं काम पुरं होईपर्यंत थांबायचा. मग परत झोपायचा.

"बाईपण तशाच होत्या," चष्मेवाली म्हणाली. "पाच वाजले तरी कुणाचा प्रोग्राम संपला नसेल, तर त्या खुर्चीत बसायच्या. दोन बोटांनी खुर्चीच्या हातावर टकटक करत. म्हणायच्या, 'चालू दे, मी थांबते.'"

वहिनीने कीबोर्ड झटक्यात पुढे ओढला. भीतीने नाही. तिने मला शपथेवर सांगितलंय... भीतीने नाही.

"बाई गेल्या," ती म्हणाली. "आता त्यांचा पसारा कशाला ठेवायचा?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं.

तिने बाईंचं अकाउंट पुसायची आज्ञा दिली. सर्व्हरने सांगितलं, हे अकाउंट सध्या वापरात आहे.

एरवी वहिनी आधी चालू काम बंद करते, मग अकाउंट पुसते. हे ती दरवर्षी मुलांकडून घोकून घेते. पण त्या दिवशी तिच्या बोटांना घाई झाली होती. तिने जबरदस्तीने पुसलं. आणि त्याच मिनिटाला नवं अकाउंट काढलं. नाव दिलं, 'गोटी'.

घड्याळात अडीच वाजले होते.

तिने कानात इअरफोनचं बोंडूक घातलं. घरचा आवाज स्वच्छ येत होता. पंख्याची घरघर. लांबून भांड्यांचा आवाज.

मग गोटी रडायला लागली.

वहिनी ताठ झाली. नेहमीचं रडणं, झोपमोड झाल्याचं. आता आई येतील, उचलतील...

पावलं वाजली नाहीत.

रडणं वाढलं.

आणि मग...

टक टक.

टक.

गोटी गप्प झाली.

अगदी एकदम. जसं कुणी समोर येऊन उभं राहावं.

तीन वाजता वहिनीने घरी फोन केला. "आई, गोटी रडत होती?"

"हो गं, मी केसांना साबण लावून बसले होते बाथरूममध्ये. जीव नुसता वरखाली. डोक्यावर पाणी ओतून बाहेर येते तर पोरगी गप्प! हसत होती की."

"तुम्ही पाळण्यावर टकटक केलंत?"

"मी बाथरूममध्ये होते म्हणते ना. टकटक कशाने करू, पायाने?"

वहिनीने स्वतःला समजावलं. असेल काहीतरी, पाळण्याजवळचा फोन हलला असेल.

पण बुधवारी तेच. गुरुवारी तेच. दुपारी गोटी रडायची. मग ते...

टक टक. टक.

आणि शांतता.

आई तर खूश. "पोर शहाणी झाली हो! दुपारी त्रासच नाही. माझंच वळण." कॉलनीभर सांगून आली.

आणि वहिनी? ती घरी असेल तेव्हा गोटी रडायची. उचललं तरी रडायची. रविवारी दुपारी वहिनी तिला खांद्यावर घेऊन तासभर फिरली. गाणी म्हणून झाली, खुळखुळा झाला. गोटी तिच्या खांद्यावरून मागे बघत होती. एकटक. हात लांब करून.

वहिनी वळली.

मागे जेवणाच्या टेबलाची खुर्ची होती. रिकामी.

"कोण आहे तिथे, राणी?"

गोटी खुर्चीकडे बघून हसली. तिच्या स्वतःच्या आईसाठी गेल्या दोन आठवड्यांत ती तशी हसली नव्हती. वहिनीने ती खुर्ची उचलून गॅलरीत नेऊन ठेवली. का, ते कुणी विचारलं नाही.

पुढचा मंगळवार उजाडला.

लॅबमध्ये वहिनीने सहज सर्व्हरची यादी उघडली आणि तिचा हात थांबला.

'आया' अजून चालू होतं.

आणि मालकाच्या रकान्यात नाव होतं... गोटी.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. मग तिने कपाळावर हात मारला आणि चक्क हसली.

कॉम्प्युटरला नावं कळत नाहीत. त्याला फक्त अकाउंटचा नंबर कळतो. नाव ही आपल्या सोयीसाठी वर लावलेली पाटी. बाईंचं अकाउंट तिने पुसलं म्हणजे पाटी काढली, पण त्या नंबरने चालू असलेलं काम चालूच राहिलं. बाईंचा नंबर यादीतला शेवटचा. तो मोकळा झाला, आणि पुढच्याच मिनिटाला काढलेल्या नव्या अकाउंटला तोच मिळाला. म्हणजे सर्व्हरच्या लेखी बाई आणि गोटी... एकच. जे बाईंचं, ते गोटीचं. आणि जे गोटीचं, ते बाईंचं.

हाच प्रश्न ती दरवर्षी परीक्षेत घालते. ज्यांना येत नाही त्यांना फैलावर घेते.

चूक कळली, बरं वाटलं. हसत हसत तिने मुलांना सांगितलंही. "बघा, तुमची मॅडमच नापास!" मुलं हसली नाहीत.

मग तिने त्या प्रोग्रामची हजेरी पाहिली. कधी झोपला, कधी जागा झाला, त्याची नोंद असते.

मंगळवारी अडीचला जागा. बुधवारी पावणेतीनला. गुरुवारी दोन-दहाला.

रोज. ज्या ज्या वेळी गोटी रडली, त्या त्या वेळी.

यालाही कारण असू शकतं, वहिनी म्हणाली. गोटी जोरात रडली की आवाजाचा प्रोग्राम अडखळून बंद पडत असेल, त्याचं मूल अनाथ होत असेल, 'आया' जागं होत असेल. होऊ शकतं.

फक्त एकच. त्या प्रोग्रामला आवाज नाही. तो टकटक करू शकत नाही. आणि केलीच, तर ती सर्व्हरवर वाजेल. घरी, पाळण्यापाशी नाही.

वहिनीचा संताप उसळला. "बस झालं. तुमच्या बाईंचा सध्याचा पत्ता कुणाकडे आहे? मीच विचारते त्यांना, हे काय लिहून ठेवलंय म्हणून. कुठल्या कॉलेजात आहेत त्या आता?"



चष्मेवालीने चष्मा काढला आणि ओढणीने डोळे पुसले.

वायरकाका पुढे आले. खिशातली वायर हाताभोवती गुंडाळत, सोडत, गुंडाळत. "मॅडम, जरा बाहेर येता?"

"इथेच बोला."

"बाई वारल्या, मॅडम."

"...कधी?"

"तुमची मुलगी चार महिन्यांची असेल. हिचा प्रोग्राम चालू होता." त्यांनी चष्मेवालीकडे मान वळवली. "सव्वापाच झाले होते. बाई म्हणाल्या, चालू दे, मी थांबते. पोरीने प्रोग्राम संपल्यावर मागे वळून हाक मारली..."

त्यांनी पुढचं सांगितलं नाही. नुसतं खुर्चीकडे पाहिलं. ज्या खुर्चीत वहिनी बसली होती.

वहिनी उठली. हळूच. कुणाची झोपमोड होऊ नये तशी.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"सर म्हणाले, त्या ओल्या बाळंतीण आहेत. त्यांच्या जागेवर आलेलं माणूस असं गेलं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि नंतर... राहून गेलं." वायरकाका थांबले. "रोज विचारायच्या हो तुमच्या बाळाचं. मॅडमची मुलगी आता पालथी पडत असेल, आता बसायला लागेल. बघायला जायचंय म्हणायच्या. मी म्हटलं जा की. तर म्हणाल्या, त्यांनी सध्या नको म्हटलंय. बोलावतील."

वहिनीने फोन काढला. म्यूट केलेला तो नंबर शोधला.

तिचं स्वतःचं उत्तर. 'सध्या नको.'

त्याखाली, तिने कधीच न उघडलेला एक मेसेज.

'काही घाई नाही. मी थांबते.'

आणि त्याच वेळी तिच्या कानात गोटी रडायला लागली.

वहिनी सांगते, तिला कानातलं काढायचं होतं. हात उचलला गेला नाही.

टक टक.

टक.

रडणं थांबलं. पंख्याची घरघर. गोटीचा तो हुंकार, पोट भरल्यावर करते तसा.

आणि मग एका बाईचा आवाज. अगदी हळू. थकलेला. प्रेमळ.

"चालू दे..."

वहिनी धावत सुटली.

घरी दार आईने उघडलं. हातात भाजीची सुरी, आणि चेहरा असा, की वहिनी दारातच थबकली.

"तू आत्ता येतेस?" आई म्हणाली.

"हो. का?"

"मग मघाशी कोण आलं? मी स्वयंपाकघरातून पाहिलं ना, पाळण्यापाशी पाठमोरी बसलेली. मला वाटलं तूच, लवकर सुटलीस. मी हाकसुद्धा मारली. म्हटलं, चहा टाकू का?"

"मग?"

"तिने मान हलवली. नको म्हणून."

पाळण्याशेजारी खुर्ची होती. जेवणाच्या टेबलाची. जी वहिनीने रविवारी गॅलरीत नेऊन ठेवली होती.

गोटी जागी होती. दोन्ही हात खुर्चीकडे. वहिनीने तिला उचललं, छातीशी घट्ट धरलं. गोटी रडायला लागली. आईच्या कुशीतून ती रिकाम्या खुर्चीकडे झेपावत होती.

त्याच दिवशी वहिनीने घरच्या कॉम्प्युटरवरून सर्व्हर गाठला. 'आया' मारून टाकलं. 'गोटी' अकाउंट पुसलं. पाळण्याचा फोन काढला. खुर्ची दादाने खाली नेऊन वॉचमनला दिली.

सगळं संपलं.

गोटीचं रडणं तेवढं संपलं नाही.

दोन दिवस. दूध तोंडात धरेना. डॉक्टरांनी कान पाहिले, पोट पाहिलं, काहीच नाही. आजीकडे राहीना, आईकडे राहीना, बापाकडे राहीना. आवाज बसला, तरी तोंड उघडून रडायची, नुसती हवा यायची. मीही गेले होते दुसऱ्या दिवशी. ते रडणं मी ऐकलंय. हट्टाचं नव्हतं ते. कुणीतरी सोडून गेल्याचं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनी उठली. तोंड धुतलं. पाळण्याला तो जुना फोन परत बांधला. आईला म्हणाली, "मी येते जरा कॉलेजातून."

"पोर अशी असताना?"

"पोरीसाठीच चाललेय."

त्या दिवशी प्रॅक्टिकल नव्हतं. लॅब रिकामी. वायरकाकांनी कुलूप काढून दिलं आणि काही न विचारता बाहेर जाऊन बसले.

वहिनीने बाईंचं अकाउंट पुन्हा काढलं. त्यांच्या नावाने. त्यांच्याच नंबरने. 'आया' चालू केलं. गोटीसाठी त्याच्यापुढचा वेगळा नंबर काढला. एवढं एक तिने राखलं.

मग ती त्या लाकडी खुर्चीसमोर स्टूल ओढून बसली. कानात गोटीचं बसलेल्या आवाजातलं रडणं चालू होतं.

"तुम्हाला माझा कोर्स मिळाला," ती खुर्चीला म्हणाली. "माझी मुलं मिळाली. माझ्या फाइलमध्ये लिहिलंत, ते माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंत. आता ही एकच आहे माझ्याकडे."

खुर्ची खुर्चीसारखीच होती.

वहिनीने फोन उचलला. 'सध्या नको' आणि 'मी थांबते'. त्याखाली तिने लिहिलं.

'या.'

पाठवलं. एक टिक पडली. एकच. साहजिक होतं, मेलेल्या माणसाचा फोन कोण चालू ठेवतं?

ती बघत बसली.

दुसरी टिक पडली.

मग दोन्ही निळ्या झाल्या.

वहिनी अजून म्हणते, कंपनीने तो नंबर दुसऱ्या कुणाला दिला असेल. नंबर तसेच असतात, एकाचे दुसऱ्याला मिळतात, तिच्याइतकं हे कुणाला ठाऊक? असेलही. उत्तर मात्र आलं नाही.

कानात गोटी रडायची थांबली.

या वेळी टकटक झाली नाही. त्याची गरज नसावी.

ह्याला आता दोन वर्षं होत आली. गोटी छान आहे. धावते, बोलते, आजीची नक्कल करते. सर्व्हरवर 'आया' अजून चालू आहे. कॉलेजने नवा सर्व्हर घेतला, तेव्हा वहिनीने स्वतःच्या हाताने ते तिकडे नेलं. लॅबमधल्या खुर्चीत कुणी बसत नाही. वहिनी हल्ली पाच वाजून गेले तरी शेवटच्या मुलाचा प्रोग्राम संपेपर्यंत उभी राहते. या वर्षी मुलं तिलाही बाई म्हणायला लागली आहेत.

मी एकदा विचारलं, "वहिनी, तुला भीती नाही वाटत?"

ती गोटीच्या केसांतून हात फिरवत राहिली.

"भीती कसली गं," ती म्हणाली. "ती काही वाईट करत नाही. माझ्याहून चांगलं सांभाळते. झोपेत गोटी हसते ना, तेव्हा मला कळतं ते माझ्यासाठी नाही." मग म्हणाली, "भीती नाही वाटत. जळते मी. मेलेल्या बाईवर जळते. सांगू कुणाला?"

हे सगळं मी इतके दिवस लिहिलं नव्हतं. लिहितेय ते मागच्या आठवड्यामुळे.

गोटी आमच्याकडे आली होती. माझा मुलगा तीन महिन्यांचा आहे. दुपारची वेळ. मी ओट्यापाशी होते, तो रडायला लागला. मी हात पुसत आले, तर गोटी त्याच्या पाळण्यापाशी उभी. चवड्यांवर. दोन बोटं पाळण्याच्या कडेवर.

टक टक.

टक.

तो गप्प झाला.

हे तिला कुणी शिकवलेलं नाही. आमच्या घरात तिच्यासमोर कुणीही कधी असं केलेलं नाही.

गोटीने मागे वळून पाहिलं. माझ्याकडे नाही. माझ्या बाजूला.

आणि ती पाळण्यापासून थोडी सरकली... कुणाला तरी जागा करून द्यावी, तशी.

तेव्हापासून दुपारी माझा मुलगा रडत नाही. सगळे म्हणतात, नशीबवान आहेस.

पाळण्याजवळ मी एक खुर्ची ठेवली आहे. मी तिच्यात बसत नाही.